प्रयोगशाळेतला पोलारीमीटर आणि संगणकाची तार



काट्यावर गाडी उभी राहिली की वजनाचा आकडा आपण डोळ्यांनी पाहतो. पण गाळपात साखर कुठे वाया जाते हे दाखवणारा आकडा प्रयोगशाळेत निघतो आणि तो सहसा आपल्या नजरेस पडत नाही. तो देणारे यंत्र म्हणजे पोलारीमीटर. ते आता दुसऱ्या खोलीतल्या संगणकावरूनही चालवता येते. त्यात आपला संबंध काय, ते पाहू.

एकाच पातळीत कंप पावणारा प्रकाश साखरेच्या पाण्यातून गेला की ती पातळी उजवीकडे फिरते. साखर जास्त, तर फिरणे जास्त. २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर द्रावणात २६ ग्रॅम शुद्ध साखर आणि २०० मिलिमीटरची नळी असेल, तर यंत्र १०० दाखवते. जुन्या यंत्रात केमिस्ट भिंगाला डोळा लावून, दोन्ही बाजू सारख्या उजळ दिसेपर्यंत चकती फिरवीत. रात्रपाळीत पहाटे तीनला डोळा किती खरं बघतो, हे ज्यानं रात्रीचं दारं धरलंय त्याला सांगायला नको.

नव्या यंत्रात डोळ्याचे काम विजेचे उपकरण करते, म्हणून आकडा तारेवरून पाठवता येतो. संगणक ठरलेली अक्षरे पाठवतो, म्हणजे 'मोज'. यंत्र मोजते आणि उत्तर धाडते. साधी नऊ पिनांची तार असेल तर दोघांचा वेग आधी जुळवावा लागतो, समजा सेकंदाला ९६०० ठोके. वेग चुकला की पडद्यावर नुसती अगम्य अक्षरे! निरनिराळ्या यंत्रांना एकाच तारेवर आणण्यासाठी १९७५ साली आयईईई-४८८ हे मानक आले, १९९० साली एससीपीआय ही समाईक आज्ञाभाषा आली. तरी काही कंपन्या आपापल्याच आज्ञा ठेवतात. म्हणून यंत्र घेतानाच आज्ञांचे पुस्तक मागून घ्यावे; नाहीतर संगणक शेजारी असूनही मुका.

अंतराची भीती नको. नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्या सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत, तरी एका नियंत्रण कक्षातून संगणकाने वळवतात. आज्ञा काचतंतूच्या तारेने जाते. आपली प्रयोगशाळा तर गव्हाणीपासून हाकेवर.

आता पैशाचं गणित. टनाला ३०० किलो बगॅस धरू. त्यात २ टक्के साखर राहिली तर ६ किलो गेली. अडीच टक्के राहिली तर साडेसात. टनामागे दीड किलोचा फरक, म्हणजे ५ लाख टन गाळपाला साडेसात हजार क्विंटल. केंद्र सरकारने २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये धरले आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे. बगॅसचा आकडा चढला हे गिरणीवाल्याला दुसऱ्या दिवशीच्या कागदावर कळण्याऐवजी त्याच पाळीत कळले, तर रोलरचा दाब आणि पाण्याचा फवारा तेव्हाच पाहता येतो. तारेचा खरा फायदा हाच. दुसरा फायदा असा की आकडा वेळेसह नोंदला जातो, त्यावर खाडाखोड झाली तर दिसते.

पण नमुना माणूसच घेतो. वरवरचं मूठभर बगॅस आणलं तर संगणक चुकीचा आकडाही इमानानं लिहील. शिवाय निफाडची थंडी! पौषातल्या पहाटे प्रयोगशाळा गारठते आणि दुपारी तापते. तापमान वाढले की वाचन किंचित उतरते. यंत्रातला तापमापक ही तफावत धरतो, पण तो बरोबर आहे ना हे तपासावेच लागते. त्यासाठी ठरावीक वाचनाची क्वार्ट्झ चकती असते. दुरून चालवणाऱ्याला मोजण्याची मुभा असावी, मात्र शून्य जुळवण्याचा अधिकार फक्त चीफ केमिस्टकडे आणि तोही संकेतशब्दाने बंद, असे आमचे मत आहे.

प्रयोगशाळा पाहायला याल तेव्हा पडद्याकडे नंतर बघा. आधी चकतीची वही मागा आणि शेवटची तारीख वाचा.