प्रश्नांच्या वाटेने गणितीय विश्लेषण

बारावीला गणितात उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थी पदवीच्या वर्गात 'वास्तव विश्लेषण' या विषयापाशी येऊन थबकतो, हा अनुभव गणिताच्या बहुतेक अध्यापकांना परिचित आहे. तोवर त्याला 'किंमत काढा', 'समीकरण सोडवा' अशी आज्ञा होत असे. रीत फळ्यावर मिळे आणि उदाहरणात केवळ आकडे बदलत. येथे मात्र आज्ञा बदलते. 'सिद्ध करा', 'हे विधान खरे की खोटे ते सकारण सांगा', असे प्रश्न समोर येतात आणि त्यांची रीत कोणी देत नाही. विद्यार्थी मग सिद्धता पाठ करतो, परीक्षेपुरती ती टिकते, आणि वर्षाअखेरीस तो गणिताचा निरोप घेतो. ज्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी आहे, तेथे याचा अर्थ 'आपल्या मुलीची किंवा मुलाची बुद्धी इथवरच होती' असा लावला जातो. हा अर्थ चुकीचा आहे. उणीव असते ती सवयीची, आणि ही सवय प्रश्न सोडवूनच लागते.

विश्लेषण म्हणजे काय, हे प्रथम पाहू. अनंत प्रक्रियांविषयी काटेकोरपणे बोलण्याचे हे शास्त्र होय. १, १/२, १/३, १/४ ... ही क्रमिका शून्याकडे जाते, असे आपण सहज म्हणतो. 'जाते' म्हणजे नेमके काय? विश्लेषणाचे उत्तर दोन व्यक्तींमधील पैजेसारखे आहे. समोरच्याने हवी तितकी लहान धन संख्या सांगावी. आपण क्रमिकेतील असे एक स्थान दाखवावे की त्यापुढील प्रत्येक पदाचे शून्यापासूनचे अंतर त्या संख्येहून कमी असेल. त्याने १/१००० म्हटले तर आपण १००० वे स्थान दाखवू. त्याने दहा लाखांश म्हटले तर दहा लाखावे. त्याच्या प्रत्येक मागणीला आपल्यापाशी उत्तर असेल, तरच सीमा शून्य आहे.

या व्याख्येतील सारा जीव शब्दांच्या क्रमात आहे, आणि नवा विद्यार्थी नेमका तेथेच अडखळतो. 'वसतिगृहातील प्रत्येक मुलासाठी एक ताट आहे' आणि 'एक ताट असे आहे की जे प्रत्येक मुलासाठी आहे' या दोन वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत. पण दुसऱ्या वसतिगृहात जेवणाच्या वेळी काय होईल ते सांगायला नको. सीमेच्या व्याख्येतही आधी मागणी येते, मग स्थान. आता हा क्रम मुद्दाम उलटून पाहावा: एकच स्थान असे आहे की समोरच्याने कोणतीही मागणी केली तरी ते पुरते. अशा क्रमिका कोणत्या? थोडा विचार करता ध्यानात येते की त्या स्थानापुढील पदाचे सीमेपासूनचे अंतर प्रत्येक धन संख्येहून कमी आहे, म्हणजे ते शून्यच आहे. अर्थात त्या स्थानापासून पुढे क्रमिकेचे प्रत्येक पद एकच असले पाहिजे. १/न ही साधी क्रमिकादेखील या कसोटीत बसत नाही. व्याख्या दहा वेळा वाचून जे समजत नाही, ते या एका प्रश्नाने समजते. व्याख्या मोडून पाहणे, ही ती समजून घेण्याची पहिली पायरी आहे असे मला वाटते.

आता एक प्रश्न जरा विस्ताराने पाहू, कारण त्यात या विषयाचा निम्मा पहिला सत्रांत सामावलेला आहे. २ या संख्येपासून सुरुवात करावी. हाती असलेल्या संख्येने २ ला भागावे, तो भागाकार आणि ती संख्या यांची सरासरी घ्यावी, आणि येणाऱ्या संख्येवर पुन्हा तेच करावे. २ नंतर ३/२ येते, मग १७/१२, मग ५७७/४०८. त्यांचे वर्ग करून पाहावे. ३/२ चा वर्ग २ हून १/४ ने अधिक, १७/१२ चा १/१४४ ने, आणि ५७७/४०८ चा अवघ्या १/१,६६,४६४ ने. (५७७/४०८ हीच किंमत प्राचीन शुल्बसूत्रांतही दोनच्या वर्गमुळासाठी येते.) ही क्रमिका दोनच्या वर्गमुळाकडे जाते हे डोळ्यांना दिसले. परंतु दिसणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे.

पुष्कळ विद्यार्थी येथे एक झटपट मार्ग घेतात: सीमा 'स' मानू, मग स ही स्वतःच स आणि २/स यांची सरासरी होईल, म्हणून स चा वर्ग २. उत्तर बरोबर आहे, युक्तिवाद अपुरा आहे. का, हे कळण्यासाठी हाच युक्तिवाद १, २, ४, ८ ... या क्रमिकेला लावावा. प्रत्येक पद मागच्याच्या दुप्पट; सीमा स मानली तर स = २स, म्हणजे स = ०! जी क्रमिका आकाशाला भिडते आहे तिची सीमा शून्य निघाली. चूक बीजगणितात नाही; जी सीमा मुळात नाही तिला नाव दिले, ही चूक आहे. सीमा आहे, हे आधी सिद्ध करावे लागते.

ते कसे करावे? हाती असलेली संख्या क्ष असेल तर पुढील पदाचा वर्ग वजा २ हे नेमके (क्ष − २/क्ष) च्या निम्म्याचा वर्ग असते; विद्यार्थ्याने हे स्वतः कागदावर पडताळावे. वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून कोणत्याही पदाचा वर्ग २ च्या खाली जात नाही. त्यावरून प्रत्येक पद मागच्याहून लहान होते, हेही निघते: मागचे पद वजा पुढचे पद म्हणजे (क्ष − २/क्ष) चे निम्मे, आणि ते धन आहे. तेव्हा क्रमिका सतत उतरते आहे, पण एका तळाच्या खाली जाऊ शकत नाही. अशी क्रमिका कोठेतरी स्थिरावलीच पाहिजे, ही वास्तव संख्यांची पूर्णता होय. सर्व पदे परिमेय आहेत, आणि ती जेथे स्थिरावतात ती संख्या मात्र परिमेय नाही. आपल्याजवळ केवळ अपूर्णांक असते, तर ही क्रमिका एका रिकाम्या जागेकडे धावत राहिली असती. पूर्णतेचे गृहीतक पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात का असते, हे या प्रश्नाशी झुंजलेल्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा प्रश्न फसवा आहे. लगतच्या पदांमधील अंतर शून्याकडे जात असेल, तर क्रमिका अभिसारी असेल काय? बहुतेकांचे मन 'होय' म्हणते. १ + १/२ + १/३ + १/४ ... अशी बेरीज करीत जावे. प्रत्येक वेळी मिळवली जाणारी संख्या लहान होत जाते. पण १/३ + १/४ ही बेरीज १/२ हून मोठी, पुढील चार पदांचीही १/२ हून मोठी, त्यापुढील आठांचीही. अर्धे-अर्धे असे अनंत वेळा मिळत गेले की बेरजेला मर्यादा राहत नाही. ही सिद्धता चौदाव्या शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम यांनी दिली. वाढीचा वेग मात्र विलक्षण मंद: १० चा टप्पा ओलांडण्यास १२,३६७ पदे लागतात, आणि २० चा ओलांडण्यास २७ कोटींहून अधिक. गणकयंत्रावर विसंबणारा येथे फसेल. येथे युक्तिवादच हवा.

प्रश्न घेऊन बसण्याचीही एक रीत आहे. व्याख्या प्रथम आपल्या भाषेत लिहावी. पाठ्यपुस्तक इंग्रजीत असते म्हणून विचारही इंग्रजीत करावा लागतो, हा समज सोडावा. 'प्रत्येकासाठी' आणि 'असा एक तरी' हे शब्द मराठीत पक्के झाले की इंग्रजी वाक्य आपोआप उलगडते. मग लहान आकडे घालून पाहावे. अडल्यास उत्तरसूची उघडू नये. प्रश्न एक रात्र तसाच ठेवावा. सुटल्यावर सिद्धता पूर्ण वाक्यांत लिहून सोबत्याला वाचायला द्यावी आणि त्याने प्रत्येक ओळीला 'का?' विचारावे. निवासी शाळेत वाढलेल्या मुलामुलींना ही सोय सायंकाळच्या अभ्यासिकेने आधीच दिलेली असते. शेवटी एखादी अट काढून टाकावी आणि विधान कोठे कोसळते ते शोधावे. एका आठवड्यात असे तीन प्रश्न झाले तरी पुष्कळ. पालकांनी मात्र 'तीन दिवसांत एकच गणित?' असे म्हणू नये. वहीतील खोडलेली पाने हाच या अभ्यासाचा पुरावा असतो.

ही पद्धत नवी नाही. जॉर्ज पोल्या आणि गाबोर सेगो या हंगेरियन गणितज्ञांनी १९२५ साली विश्लेषणातील प्रश्नांचे दोन खंड प्रसिद्ध केले आणि प्रश्नांची मांडणी विषयापेक्षा सोडविण्याच्या रीतीनुसार केली. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाचे रॉबर्ट ली मूर तर विद्यार्थ्यांना पुस्तक उघडूच देत नसत; प्रमेये त्यांनी स्वतः सिद्ध करावीत असा दंडक होता. त्यांच्या वर्गातून नामवंत गणितज्ञ घडले. पण त्या वर्गाचे दार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बंद होते, आणि पद्धतीचे गुणगान करताना हे बहुधा वगळले जाते. व्हिव्हियन मॅलोन-मेयस यांना त्या वर्गात प्रवेश मिळाला नाही. त्यांनी त्याच विद्यापीठातून १९६६ साली डॉक्टरेट मिळविली. त्यांचा प्रबंध विश्लेषणातलाच होता. ज्या बेलर विद्यापीठाने त्यांना विद्यार्थिनी म्हणून नाकारले होते, तेथेच त्याच वर्षी त्या पहिल्या कृष्णवर्णीय प्राध्यापक झाल्या. उत्तम पद्धत आणि उघडे दार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; आपल्याला दोन्ही हव्यात.

वर्धेशी या विषयाचा एक धागा जुळतो. धर्मानंद कोसंबी यांचे निर्वाण १९४७ साली सेवाग्राम येथे झाले, हे येथील बौद्ध समाजाला ठाऊक आहे. त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी इतिहासकार म्हणून प्रसिद्ध असले, तरी व्यवसायाने गणितज्ञ होते आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी बारा वर्षे अध्यापन केले. तेथे असतानाच त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे एक सूत्र मांडले. ते आजही वापरले जाते. कपाशीचे जनुकीय नकाशेही त्याच्या आधारे काढले गेले आहेत. आपल्या काळ्या मातीतल्या पिकापर्यंत विश्लेषण असे पोहोचते.

आज दारेही पूर्वीपेक्षा उघडी आहेत. प्रा. एस. कुमारेसन यांच्या पुढाकाराने १९९३ साली सुरू झालेल्या 'एम.टी.टी.एस.' या उन्हाळी प्रशिक्षणात शिक्षक व्याख्यान कमी देतात आणि प्रश्न अधिक विचारतात. पदवीच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी अर्ज करता येतो. केरळचे चौदाव्या शतकातील गणिती माधव यांच्या नावाने पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेली गणित स्पर्धाही अशाच प्रश्नांची आहे. पुस्तकांत सुधीर घोरपडे आणि बालमोहन लिमये यांचे, तसेच अजित कुमार आणि कुमारेसन यांचे पुस्तक हाती घ्यावे; दोन्ही इंग्रजीत आहेत, पण त्यांतील प्रश्न जिवंत आहेत.

अभ्यासिकेसाठी एक प्रश्न येथे ठेवतो. शाळेच्या फाटकापासून पिंपळापर्यंत सरळ वाट आहे. एक मुलगी फाटकातून निघते. तिचे पहिले पाऊल १ मीटर, दुसरे १/२, तिसरे १/३, याप्रमाणे. पिंपळाशी पोहोचली की ती मागे वळते, फाटकाशी पोहोचली की पुन्हा वळते. पाऊल लहान लहान होत जाते, आणि वाटेबाहेर ती कधी जात नाही. ती अखेर कोठे स्थिरावेल काय? उत्तर 'होय' असो वा 'नाही', ते सिद्ध करून दाखवावे.