आधी लाट, मग आकडा

चि. मुक्तास,


हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत तुझी ड्यूटी सुरू होतेय, हे वहिनीकडून कळलं. तिथे स्वान-गँझ कॅथेटर घातलेले पेशंट येतील. 1970 पासून वापरात असलेल्या या नळीचं टोक कुठे आहे, हे लाटेचा आकारच सांगतो. तो आकार दिसेल असा मॉनिटर लावणं, हे तुझं पहिलं काम.

आधी लेबल पाहा. पल्मनरी आर्टरीच्या लाइनला चुकून सीव्हीपीचं, म्हणजे मध्यवर्ती शिरेच्या दाबाचं, लेबल असेल, तर बहुतेक मॉनिटर नुसता सरासरी दाब दाखवतात. मग स्केल. हाताच्या आर्टरीला 0 ते 200 चालतं. पल्मनरी आर्टरीचा दाब साधारण 25 वर 10, तो त्या स्केलवर तळाशी सपाट दिसणार. त्याला 0 ते 40 दे. दाब चढलेला असेल तर 60 किंवा त्याहून जास्त ठेव, म्हणजे टोकं कापली जाणार नाहीत. सीव्हीपीला 0 ते 20 पुरे.

दाब मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरची चुकलेली पातळी मात्र मॉनिटरच्या कुठल्याही बटणाने सुधारत नाही. तो हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेंटीमीटर खाली लटकत असेल, तर दाब सुमारे 7 मिमी पाऱ्याने जास्त दिसतो. 12 चा वेज, म्हणजे नळीच्या टोकाचा फुगा फुगवून मोजलेला दाब, 19 दिसला, की नको असलेलं लॅसिक्स दिलं जातं.

वेजचा आकडा थेट टिपून घेऊ नकोस. मॉनिटर श्वासासकट सरासरी काढतो. लाट थांबवून उच्छ्वासाच्या शेवटी कर्सर लाव: व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये ती जागा खोलगट असते, स्वतःहून श्वास घेणाऱ्यात उंच. वर ईसीजी ठेव. आर्टरीचं शिखर टी लाटेच्या आसपास येतं, वेजमधली मोठी व्ही लाट टीच्या नंतर. मायट्रल झडप गळत असली की हाच फरक कामी येतो.

अलार्म बंद करू नकोस. फुगा रिकामा असताना लाट अचानक वेजसारखी झाली, तर नळी पुढे सरकली असेल. फ्लश करू नकोस, फुगा फुगवू नकोस, सीनियरला बोलाव. खालचा दाब शून्याकडे घसरला, तर टोक उजव्या व्हेंट्रिकलमध्ये मागे आलं असेल; तिथे ठोके बिघडू शकतात.

लाट पटली नाही, तर आकडा चार्टवर लिहू नकोस.

तुझी
आत्या