जुन्या मोटारसायकलीचा जोर अधूनमधून का जातो ?

तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात, विशेषतः दापोरा व आसपासच्या गावांत, राजदूत, येझदी, बुलेट अशा जुन्या मोटारसायकली अद्यापि दृष्टीस पडतात. खताची गोणी, दुधाचे कॅन किंवा केळीचा घड लादून त्या मळ्यातून रस्त्यावर येतात. यांपैकी येझदी बनविणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्यामुळे सुटे भाग शोधून आणावे लागतात आणि अंदाजाने एकामागून एक भाग बदलत जाणे मालकास परवडत नाही. खेरीज, बऱ्हाणपूरच्या रस्त्यावर केळीने भरलेल्या ट्रकला ओलांडत असतानाच गाडीने दम तोडला तर प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही.

सतत राहणारा दोष मिस्त्रीला लवकर सापडतो. अधूनमधून येणारा दोष मात्र गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली की नाहीसा होतो. म्हणून येथे खरा परीक्षक गाडी चालविणारा स्वतःच होय. जोर केव्हा गेला, किती अंतर गेल्यावर गेला, इंजिन तापले होते काय, टाकीत पेट्रोल किती होते, चढ होता की खड्डा, आणि किती वेळ थांबल्यावर गाडी पूर्ववत झाली, एवढ्या गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात. चार-पाच नोंदी झाल्या की दोषाची दिशा बहुधा आपोआप दिसू लागते.

प्रथम ठरवावयाचे ते हे, की इंजिनाला पेट्रोल कमी पडते की ठिणगी. पेट्रोल कमी पडत असेल तर जोर हळूहळू ओसरतो, तेल संपत आलेल्या कंदिलाप्रमाणे. मूठ थोडी सैल केली की गाडी क्षणभर सावरते. ठिणगी तुटत असेल तर इंजिन एकाएकी मिस मारते, गचके देते, आणि कधी सायलेन्सरमधून फटाका उडतो. हा नियम अगदी अचूक नव्हे, परंतु आरंभास पुरेसा आहे.

खात्री करून घेण्याची रीत साधी आहे. जोर गेलेला असतानाच, मागेपुढे वाहन नाही हे पाहून, क्लच दाबावा, इंजिन बंद करावे आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. इंजिन तसेच चालू ठेवून थांबल्यास प्लगवरील पुरावा पुसला जातो. आता प्लग काढून पाहावा. तो अतिशय तापलेला असतो, म्हणून फडके वापरावे. टोक कोरडे व पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडत आहे किंवा कोठून तरी जादा हवा शिरत आहे. टोक पेट्रोलने ओले असेल तर ठिणगी तुटत आहे. विटकरी तपकिरी रंग ठीक समजावा.

पेट्रोलच्या बाजूने शोध घेताना पहिली तपासणी फुकटची आहे, आणि नेमकी तीच बहुधा राहून जाते. टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असते. मळ्यातील धूळ बसून ते बुजले की चार-पाच किलोमीटरनंतर टाकीत पोकळी निर्माण होते व पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी थांबताच झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट ओढू लागली, तर दोष सापडला. छिद्र बारीक तारेने साफ करावे. आवाज न आल्यास इंजिन थंड झाल्यावर कार्बोरेटरची नळी काढून पेट्रोल बाटलीत सोडून पाहावे. धार अखंड असावी. ती सुरुवातीला जोरात येऊन मग थेंबावर आली, तर कॉकची जाळी टाकीतील गंजाने भरली आहे. हे काम उघड्यावर करावे व जवळपास विडी पेटवू देऊ नये.

अलीकडे याच बाजूला एका नव्या कारणाची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या विक्रीस देशात फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रारंभ झाला. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी फार झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो आणि तोच प्रथम कार्बोरेटरात उतरतो. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व वायसरही त्याने फुगू किंवा भेगाळू शकतात. म्हणून पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल ठेवू नये आणि कार्बोरेटरची वाटी काढून तळाशी पाण्याचे थेंब आहेत काय ते पाहावे.

ठिणगीच्या बाजूने मे महिन्यातील ऊन मोठे निदर्शक ठरते. गाडी थंड असताना उत्तम चालते, तापल्यावर जोर जातो आणि पाऊण तास सावलीत उभी राहिली की पुन्हा चालते, असे घडत असेल तर संशय कंडेन्सर व कॉइलवर घ्यावा. कंडेन्सर निकामी होऊ लागला की पॉइंटांमध्ये मोठी ठिणगी उडते आणि त्यांची तोंडे जळून काळी पडतात. असे पॉइंट नुसते घासून उपयोग नाही. कंडेन्सर आधी बदलावा, मग पॉइंटांतील फट कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे, बहुतेक गाड्यांत ०.४ मि.मी.च्या आसपास, लावावी. कंडेन्सर स्वस्त आहे, कॉइल महाग. तेव्हा क्रमही तोच ठेवावा. याउलट दोष उन्हाशी नव्हे, तर खड्ड्यांशी किंवा हँडल वळविण्याशी जुळत असेल, तर हँडलच्या मानेजवळ तुटत आलेली तार, किल्लीच्या स्विचचा सैल संपर्क आणि प्लगची टोपी हाताने हलवून पाहावी. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो. आणि थांबल्यावर चाकाचा ड्रम चटका बसण्याइतका गरम लागला, तर ब्रेक चिकटून राहिला आहे.

राजदूत व येझदीच्या मालकांनी एक धोका वेगळा ओळखावा. या गाड्यांत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते. अशा स्थितीत मूठ पिळून गाडी दामटल्यास पिस्टन सिलिंडरमध्ये आवळला जाऊन मागचे चाक जागच्या जागी अडकू शकते. गाडी जड होत आहे व इंजिनाचा आवाज घुसमटत आहे असे वाटताच मूठ सोडून क्लच दाबावा आणि बाजूला थांबावे. इंजिन हात लावण्याजोगे थंड होईपर्यंत किक मारू नये, त्यावर पाणीही ओतू नये.