चैत्रांतील हळदीकुंकवाचा ताजा फराळ
काकडी, कैरी व डाळ यांचे पदार्थ करण्याची रीत

चैत्र शुद्ध तृतीयेस घरोघर गौर झोपाळ्यावर बसते व ती अक्षय्य तृतीयेपर्यंत राहते. या महिन्याभरांत सोयीचा एक दिवस पाहून गृहिणी हळदीकुंकू करितात. आंबेडाळ, कैरीचें पन्हें, काकडीची कोशिंबीर, कलिंगडाच्या फोडी आणि ओटीस भिजविलेले हरभरे हा त्या दिवसाचा ठरलेला फराळ होय. तो ऋतूस धरून आहे, पोटास हलका आहे, आणि त्यांतील बहुतेक जिन्नस शेतकऱ्याच्या स्वतःच्या मळ्यांत पिकतो.

अलीकडे मात्र या फराळाच्या जागीं बाजारचे तळलेले पदार्थ येऊं लागले आहेत. कारण विचारलें असतां, “ताजें करावयाचें म्हणजे ऐन वेळेची धांदल, आधीं करून ठेवावें तर पाणी सुटतें,” असें उत्तर मिळतें. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु अडचणीस उपाय आहे. ताज्या पदार्थाचा सारा गुण पाणी, भांडें व वेळ या तीन गोष्टींवर अवलंबून असतो. या तीन गोष्टी कशा संभाळाव्या हें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

एक अनुभव

सुमारे तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या व शेजारच्या मळेकऱ्यांच्या घराण्यांत बांधावरून तेढ होती. मोजणी होऊन हद्दीचे दगड लागले, तरी बायकांचें येणेंजाणें बंदच होतें. महसूल खात्यांत कारकुनी करितांना असे तंटे मीं पुष्कळ पाहिले. कागदावर मिटलेला तंटा माजघरांत मिटण्यास वेळ लागतो. त्या वर्षीं माझ्या आईनें चैत्रगौरीचें बोलावणें त्या घरीं पाठविलें, आणि त्या घरच्या सासूसुना आल्याहि.

धांदल नको म्हणून दह्यांतली कोशिंबीर सकाळीं अकरा वाजतांच कालवून पितळी पातेल्यांत झांकून ठेविली होती. पातेल्याची कल्हई तळाशीं उडालेली होती, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. पांच वाजतां कोशिंबीर वाढली. दोघीतिघींस ती तुरट लागली. पण यजमानिणीस वाईट वाटूं नये म्हणून त्यांनीं ती तशीच खाल्ली. दिवेलागणीच्या आंत सात-आठ जणींस उलट्या सुरू झाल्या. शेजारची धाकटी सून गरोदर होती; तिला रात्रीं तालुक्याच्या गांवीं दवाखान्यांत न्यावें लागलें. सुदैवानें दोन दिवसांत ती बरी झाली. तथापि गांवांत कुजबूज उठावयाची ती उठलीच.

दुसऱ्या दिवशीं आई तेंच पातेलें हातांत घेऊन त्या घरीं गेली, तळ दाखविला, आणि “चूक माझ्या भांड्याची व माझ्या घाईची,” एवढेंच बोलली. पुढील चैत्रांत तिनें पुन्हां बोलावणें केलें. त्या वेळीं काकडी आधीं न चिरतां ती पाहुण्यांदेखत, ओसरीवर बसून चोचवूं लागली. तेव्हां शेजारच्या सासूबाईंनीं विळी आपल्याकडे ओढून निम्मी काकडी स्वतः चिरून दिली. त्या दिवसापासून दोन्ही घरांचें येणेंजाणें सुरू झालें, तें आजतागायत आहे.

मळ्याची तयारी

हळदीकुंकू साधारण एप्रिलच्या मध्यास करावयाचें असल्यास काकडीचें बीं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टोकावें. टोकल्यापासून ४५ ते ५५ दिवसांत फळें तोडणीस येऊं लागतात. ‘पूना खिरा’ ही आपल्याकडची जुनी जात आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानें काढलेली ‘हिमांगी’ ही पांढऱ्या फळांची जातहि चांगली. घरापुरते आठ-दहा वेल पुरे होतात.

काकडीचा मोठा दोष कडवटपणा. वेलांत कुकुरबिटॅसिन नांवाचें कडू द्रव्य असतें. कडक ऊन व पाण्याची अनियमितता यांचा ताण पडला कीं तें फळांत वाढतें. म्हणून आठ दिवस कोरडें व एके दिवशीं तुडुंब असें पाणी न देतां थोडें थोडें व नेमानें द्यावें, आणि वेलाच्या बुडाशीं पालापाचोळ्याचें आच्छादन करावें. कडवटपणा देठाकडे व सालीखालीं अधिक असतो. देठाकडचा तुकडा चाखल्यावांचून एकहि काकडी परातींत घालूं नये; एक कडू काकडी सबंध परात नासते. फार कडू काकडी खाऊंच नये, शिजवूनहि नये.

कोथिंबिरीसाठीं मार्चच्या पहिल्या आठवड्यांत धने रगडून, दोन फांकी करून पेरावे. उन्हानें ती लवकर फुलावर येते, म्हणून दुपारची सावली मिळेल असा वाफा निवडावा.

कच्च्या खावयाच्या भाजीस ताजें शेण किंवा शेणकाला देऊं नये. पूर्ण कुजलेलें शेणखत लागवडीपूर्वींच मातींत मिसळावें. औषध फवारलें असल्यास डब्यावर छापलेला प्रतीक्षाकाल पुरा झाल्याखेरीज तोडणी करूं नये. सर्वच औषधें धुण्यानें जातात असें नाहीं. बाजारांत पाठवावयाच्या मालासही हाच नियम लागू आहे. खाणारा आपल्या ओळखीचा नसला तरी तो कोणाच्या तरी घरचा असतो.

तोडणी पहाटे, ऊन चढण्यापूर्वीं करावी. माल सावलींत, ओल्या फडक्यांत ठेवावा. विटांच्या दुहेरी भिंतींमध्यें वाळू भरून ती ओली ठेवण्याचा जो शीतकक्ष नवी दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेनें प्रचारांत आणला, तो देशावरील कोरड्या हवेंत फार उपयोगी पडतो. त्यास विजेचा खर्च नाहीं. कोंकणांतील दमट हवेंत मात्र तितका गारवा मिळत नाहीं.

पाणी

आपल्या विहिरीचें पाणी निर्मळ आहे असा प्रत्येकाचा समज असतो. परंतु गोठा किंवा शौचकूप जवळ असल्यास त्यांचा पाझर विहिरींत उतरूं शकतो, व जंतु डोळ्यांस दिसत नाहींत. शिजविलेल्या अन्नांत ते बहुधा मरतात. कोशिंबिरींत मरत नाहींत. यास्तव आदल्या रात्रीं पाणी उकळून झांकून ठेवावें. भाजी प्रथम साध्या पाण्यांत माती जाईपर्यंत, नंतर वाहत्या धारेखालीं चोळून, व शेवटीं उकळून गार केलेल्या पाण्यांत धुवावी. सोलावयाची फळेंही सोलण्यापूर्वीं धुवावीं, कारण सालीवरची घाण विळीच्या पात्याबरोबर आंत जाते. कलिंगडासही हेंच लागू. चिरणाऱ्या बाईनें हात साबणानें धुवावे. जिचें पोट बिघडलें असेल तिनें त्या दिवशीं चिरण्याचें काम घेऊं नये. पन्ह्यांत घालावयाचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे अशी खात्री असेल तरच घ्यावा.

भांडें

पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचें मिश्रण. दहीं, लिंबू, कैरी, चिंच यांतील आंबटपणानें तांबें विरघळून पदार्थांत उतरतें. यालाच आपण पदार्थ कळकला असें म्हणतों. असा पदार्थ तुरट व धातूसारखा लागतो, कधीं हिरवट दिसतो, आणि तो खाल्ल्यावर थोड्याच वेळांत मळमळ व उलटी होते. आमच्या घरीं घडलें तें हेंच. कल्हई धडधाकट असेल तर भय नाहीं. पण ती कोठें उडाली आहे हें संध्याकाळच्या उजेडांत कळत नाहीं. म्हणून आंबट पदार्थास स्टील, कांच किंवा चिनी मातीचें भांडें घ्यावें. ॲल्युमिनियमही आंबटास योग्य नव्हे.

वेळ

काकडींत शेंकडा ९५ भाग पाणी असतें. चिरलेल्या फोडीवर मीठ पडलें कीं आंतील पाणी बाहेर ओढलें जातें, फोड मऊ पडते व कोशिंबिरीचें सार होतें. दाण्याचें कूट, खोबरें, लिंबू, फोडणी हीं घालून ठेवण्यास फारशी हरकत नाहीं. मीठ मात्र वाढतेवेळींच घालावें. एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मी तक्रार दूर होते.

दुसरें असें कीं, ३२ अंश सेंटिग्रेडहून अधिक उष्ण हवेंत चिरलेला किंवा कालविलेला नाशवंत पदार्थ तासाभराहून अधिक वेळ बाहेर ठेवूं नये. चैत्रांत खानदेश, मराठवाडा व विदर्भ येथें पारा ४० अंशांपर्यंत जातो. तेव्हां पदार्थ एकदम न कालवितां बारा-तेरा पाहुण्यांपुरते भाग करून, एक भाग संपत आला कीं दुसरा कालवावा. कलिंगडहि तसेंच, चिरलेल्या फोडी शीतकपाटांत ठेवाव्या, नाहीं तर वाढण्याच्या वेळींच चिराव्या.

पदार्थांची कृति (चाळीस पाहुण्यांस)

१. आंबेडाळ. हरभऱ्याची डाळ १ किलो, स्वच्छ धुवून चार तास भिजवावी. उन्हाळ्यांत रात्रभर भिजविल्यास आंबूस वास येतो. पाणी पूर्ण निथळून बारा-पंधरा हिरव्या मिरच्यांसह, पाणी न घालतां, भरड वाटावी. सोललेल्या कैरीचा कीस सुमारे ४०० ग्रॅम घ्यावा. कैरी फार आंबट असल्यास कमी करावा. मीठ, थोडी साखर, ओलें खोबरें व कोथिंबीर घालावी. तेल, मोहरी, हिंग व हळद यांची फोडणी पूर्ण निवल्यावरच वर ओतावी. कच्ची डाळ पचण्यास जड असल्यामुळें वाढप बेतानें करावें. वृद्धांसाठीं वाटलेली डाळ आधीं दहा-पंधरा मिनिटें वाफवून, निववून, मोकळी करून घ्यावी.

२. खमंग काकडी. काकडी ३ किलो, सोलून, चाखून, चोचवावी. किसूं नये, किसल्यानें पाणी लवकर सुटतें. भाजलेल्या दाण्यांचें जाडसर कूट ३०० ग्रॅम, एका नारळाचें खोबरें, सहा लिंबांचा रस, साखर व कोथिंबीर घ्यावी. बुरशी आलेला किंवा कडवट दाणा निवडून टाकावा. फोडणी तूप, जिरें व हिरव्या मिरचीची. सर्व जिनसांचे तीन सारखे भाग करावे व दर भागास वाढतेवेळीं चहाचा दीड चमचा मीठ घालावें. यांत दहीं घालूं नये. दह्यावांचून ती अधिक खमंग लागते.

३. मुगाच्या डाळीची कोशिंबीर. कर्नाटकांत हिला कोसंबरी म्हणतात व रामनवमीस पानकाबरोबर देतात. मुगाची डाळ अर्धा किलो, दीड तास भिजवून निथळावी. तींत गाजराचा कीस अर्धा किलो, थोडा कैरीचा कीस, खोबरें व मोहरी-हिंगाची फोडणी घालावी. ही पचण्यास आंबेडाळीहून हलकी असते.

४. पन्हें. कैऱ्या उकडून गर काढावा, गराच्या दुप्पट गूळ, वेलदोडा व चिमूटभर मीठ घालून घोटावा. गर आदल्या दिवशीं करून शीतकपाटांत ठेवितां येतो. उकळून गार केलेलें पाणी ऐन वेळीं मिसळावें.

वेळापत्रक (हळदीकुंकू सायंकाळीं पांच वाजतां)

आदली रात्र: पाणी उकळणें, दाणे भाजून कूट करणें, भांडीं पाहून ठेवणें.
पहाटे: काकडी, कैरी व कोथिंबीर तोडून सावलींत ठेवणें.
सकाळीं ७: ओटीचे हरभरे भिजत घालणें, दुपारपर्यंत पाणी दोनदां बदलणें.
दुपारीं १२: हरभऱ्याची डाळ भिजत घालणें.
२॥: मुगाची डाळ भिजत घालणें; नारळ खोवून थंड जागीं ठेवणें.
३॥: फोडण्या करून निवत ठेवणें, भाजी धुणें.
४: डाळ वाटणें, कैरी व गाजर किसणें.
४॥: आंबेडाळ व मुगाची कोशिंबीर यांचा पहिला भाग कालवणें.
५: पाहुण्या बसल्यावर काकडी चोचविणें, मीठ घालून लगेच वाढणें.

वरील कामें दोघीतिघींनीं वांटून घेतल्यास कोणासहि धांदल होत नाहीं. पुरुषमंडळींनीं पहाटेची तोडणी व नारळ फोडणें एवढें जरी अंगावर घेतलें तरी घरांतील भार पुष्कळ हलका होईल.

उरलेली कोशिंबीर दुसऱ्या दिवसासाठीं ठेवूं नये. ती गुरांच्या दावणीस किंवा खताच्या खड्ड्यांत जावी. उरूं नये म्हणूनच भाग करून कालवावयाचें. पाहुणी आपल्या घरीं विश्वासानें बसते व पुढें येईल तें निमूट खाते; तिच्या त्या भिडेस जपणें हें यजमानाचें काम आहे. ज्यांच्या मळ्यांत या दिवसांत काकडी आहे त्यांनीं यंदाच्या हळदीकुंकवास हा क्रम करून पाहावा, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.