शटर पाडून रेंज मोजा

मुलुंड पश्चिमेच्या एका दुकानात मला बोलावणं आलं तेव्हा नुकसान होऊन गेलं होतं. कोल्ड रूममधला मटार, पनीर, आइसक्रीम, सगळं मऊ पडलेलं. शनिवारी रात्री कॉम्प्रेसर ट्रिप झाला होता आणि रविवारी दुकान बंद. आत तापमान कळवणारा सेन्सर होता, मालकांच्या मोबाइलवर ॲप होतं, आणि ॲपवर रविवारभर उणे १९ अंश दिसत होतं. गोठवलेला माल उणे १८ किंवा त्याखाली ठेवायचा असतो, म्हणजे मालकांना काळजीचं कारणच नव्हतं. प्रत्यक्षात तो शनिवारी रात्री पोचलेला शेवटचा आकडा होता. त्यानंतर सेन्सरकडून काहीही आलं नव्हतं आणि जुना आकडा तसाच पडद्यावर बसून होता.

"अहो, बसवणाऱ्या मुलानं माझ्यासमोर रेंज बघितली. फुल होती," मालक पुन्हा पुन्हा सांगत होते. ते खरंच होतं. त्या मुलानं भर दुपारी, कोल्ड रूमचं दार उघडं ठेवून, उंबऱ्यावर उभं राहून स्वतःच्या फोनवर रेंज पाहिली होती.

कोल्ड रूमच्या भिंती म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये भरलेला पफ. पत्र्यातून रेडिओ लहरी जात नाहीत. मी सेन्सरच्या जागी मोजलं तेव्हा दार उघडं असताना वायफाय उणे ६५ डीबीएम होतं, दार लावल्यावर उणे ९०. हा फरक कागदावर लहान वाटतो. पण दर १० डेसिबलला ताकद दहापट घटते, म्हणजे २५ डेसिबलमध्ये तीनशेवा हिस्साही उरत नाही. दिवसा दार सारखं उघडत होतं, तेवढ्या वेळात साठलेली रीडिंग निघून जात होती, म्हणून कित्येक महिने कुणाला शंका आली नाही. सेन्सर रात्री आणि रविवारी मुका व्हायचा, नेमकं जेव्हा दुकानात माणूस नसायचा.

तेव्हापासून मी प्रत्येक दुकानदाराला सांगतो: सेन्सर जिथे बसणार आहे तिथेच ठेवा, दार लावा, आणि मग मोजा. फोनवर विसंबू नका. फोनला एकापेक्षा जास्त अँटेना असतात आणि तो ५ गिगाहर्ट्झवरही जोडला जातो. बहुतेक स्वस्त सेन्सरना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं आणि त्यांची अँटेना बोटाच्या पेराएवढी असते. मोजायचं ते त्याच सेन्सरनं. वायफायला उणे ६७ च्या आसपास मिळालं तर निर्धास्त राहा. उणे ८० च्या खाली गेलं तर तिथे बसवू देऊ नका. कोल्ड रूममध्ये सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तापमान घेणारी वायर आत आणि रेडिओचा डबा बाहेर. भोक मात्र सिलिकॉननं नीट बुजवून घ्या, नाहीतर तिथून दमट हवा शिरते आणि बर्फ धरतो. डबा आतच ठेवायचा असेल तर बॅटरीही रात्रभर त्या थंडीत तपासून घ्या. साध्या अल्कलाइन सेलची ताकद गारठ्यात पडते, आणि संदेश पाठवायच्या क्षणीच तो मान टाकतो.

वेळेचंही तसंच. अंधेरीच्या जुन्या व्यापारी इमारतींत एका गाळ्यात उभं राहिलं तरी शेजारपाजारच्या राउटरांची लांबलचक यादी दिसते. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सकाळी अकराला सगळं सुरळीत वाटतं, संध्याकाळी सगळे गाळे भरले की संदेश गळायला लागतात. त्यात माणसांची गर्दी, कारण शरीरातलं पाणी याच लहरी शोषतं. घाटकोपर स्टेशनच्या बाजूला सिमवर चालणारा सेन्सर लावायचा असेल तर संध्याकाळी सातला तपासा. ८ जून २०१४ ला मेट्रो सुरू झाल्यापासून तिथे लोकल आणि मेट्रोची गर्दी एकत्र होते, आणि त्या सगळ्यांचे फोन त्याच टॉवरांवर असतात. दुकान बंद झाल्यावर शटर पाडून पुन्हा एकदा मोजा. लोखंडी शटर पडलं की आतली मोबाइलची रेंज बदलते, हे मी बोरिवलीच्या एका औषधांच्या दुकानात पाहिलं. तिथल्या फ्रिजमध्ये लसी होत्या, ज्यांना २ ते ८ अंशच लागतात, आणि त्यातल्या काही गोठल्या तरी वाया जातात.

मॉलमधल्या दुकानदारांची अडचण वेगळी. मॉलचं फुकट वायफाय आधी लॉगिनचं पान उघडतं, त्यावर मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतं. सेन्सर ते कुठून भरणार? कंपनीच्या नेटवर्कवर जोडायचं तर आयटीवाल्यांकडून पोर्ट उघडून घ्यावे लागतात, बहुतेक वेळा ८८८३, आणि घड्याळ जुळवण्यासाठी १२३. हा दुसरा सगळे विसरतात. घड्याळ जुळलं नाही तर काही यंत्रं १ जानेवारी १९७० धरून चालतात, सर्व्हरचं प्रमाणपत्र त्यांना अवैध वाटतं आणि ती जोडलीच जात नाहीत. रेंज उत्तम, आणि तरी एकही संदेश नाही. तळघरातल्या दुकानात तर मोबाइल चालतो का हे भाडेकरार करण्यापूर्वीच पाहावं.

आणि वीज. आपल्याकडे रात्री घरी जाताना फ्रिजची लाइन सोडून मेन स्विच बंद करायची सवय आहे. सवय चांगलीच आहे, पण पोटमाळ्यावरचा राउटर त्याच स्विचवर असतो. त्याला फ्रिजच्या लाइनवर घ्या आणि छोटा यूपीएस द्या. १२ ऑक्टोबर २०२० ला सगळ्या मुंबईची वीज गेली होती, तसं झालं तर निदान बातमी तरी बाहेर पडेल. केबलवाल्याच्या जिन्यातल्या डब्याला बॅकअप आहे का तेही विचारा. तो बंद पडला की तुमचा यूपीएस निरुपयोगी. म्हणून वायफायसोबत सिमचाही मार्ग देणारं यंत्र मिळत असेल तर थोडे जास्त पैसे घालावेत, असं माझं मत आहे.

भिंतीला भोकं पाडण्याआधी सेन्सर नुसता टेपनं चिकटवून शनिवार-रविवार धरून चालू ठेवा. दर पाच मिनिटांनी रीडिंग असेल तर दिवसाला २८८ यायला हवीत. किती आली यापेक्षा कोणत्या तासात गळली ते बघा, जागेचा दोष तिथेच सापडतो. आणि बसवणाऱ्याचा शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच्यासमोर सेन्सरची बॅटरी काढून ठेवा. "डेटा येत नाही" असा इशारा किती मिनिटांनी येतो आणि कुणाच्या फोनवर येतो, ते घड्याळ लावून पाहा. मालक आणि रात्री जवळ राहणारा एखादा माणूस, अशा दोघांचे नंबर त्यात असू द्या.