धानाच्या पानांवरील पांढरे पट्टे : पाने गुंडाळणाऱ्या अळीची ओळख

आंबागडच्या डोंगरपायथ्यापासून वैनगंगेच्या काठापर्यंत भंडारा जिल्ह्याचे मुख्य पीक धान होय. भाद्रपदात आभाळ दीर्घकाळ भरलेले राहिले की काही बांध्यांत पानांवर पांढरे पट्टे उमटतात आणि दुरून पाहणाऱ्यास शेत करपल्यासारखे वाटते. परंतु हा करपा रोग नव्हे. पट्टा कोणत्या किडीचा, हे ठरविल्यावाचून औषध आणणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय.

अशी लक्षणे करणाऱ्या किडी मुख्यतः तीन. काटेरी भुंगेऱ्याची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून आतला हरितभाग पोखरते. पान उजेडाकडे धरल्यास ती आत दिसते. सुरळीतील अळी पानाचा शेंडा कापून त्याची नळी करते व नळीसह पाण्यावर तरंगते. पाने गुंडाळणारी अळी मात्र पानाच्या दोन्ही कडा रेशमी धाग्यांनी जोडते आणि त्या गुंडाळीत बसून हिरवा भाग खरवडते; पारदर्शक पापुद्रा तेवढा उरतो. गुंडाळी उकलताच पिवळसर हिरवी अळी जोराने वळवळत निसटू पाहते. एवढी खूण पुरेशी आहे.

या अळीचा पतंग सोनेरी तपकिरी असून त्याच्या पंखांवर गडद नागमोडी रेषा व काठाला गडद पट्टा असतो. तो दिवसा धानात दडतो आणि रात्री उडतो. मादी पानाच्या मध्यशिरेजवळ चपटी, फिकट अंडी घालते. ती सुमारे ३ ते ६ दिवसांत उबतात. अळी अवस्था साधारणतः १५ ते २७ दिवस टिकते. या काळात एक अळी तीन-चार पाने निकामी करते. कोषही बहुधा गुंडाळीतच असतो व आठवडाभरात त्यातून पतंग बाहेर पडतो.

ही कीड केवळ धानावर जगत नाही. धुऱ्यावरील सावा व इतर गवतांवरही ती पोसली जाते. युरियाची मात्रा अधिक झालेल्या आणि झाडांची सावली पडणाऱ्या बांध्यांत तिचा जोर विशेष असतो. म्हणून धुरे स्वच्छ ठेवणे व नत्र हप्त्याहप्त्याने देणे हा पहिला उपाय होय.

रोवणीनंतरच्या पहिल्या महिन्यात पट्टे दिसताच फवारणी करण्याची घाई अनाठायी असते. या वयात नवी पाने फुटून धान झीज भरून काढते. उलट, घाईच्या फवारणीने कोळी व इतर मित्रकीटक मरतात आणि पुढे तपकिरी तुडतुड्यांना मोकळे रान मिळते. व्हिएतनाममधील मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात १९९० नंतरच्या दशकात पहिले ४० दिवस फवारणी टाळण्याची मोहीम याच विचारावर उभी राहिली.

पोटरीच्या वेळी मात्र दुर्लक्ष महागात पडते. शेंड्याचे पान खरवडले गेल्यास दाणे पोचट राहतात. बांधीत फिरून दहा-वीस चुड तपासावेत. दर चुडाला अळीसह दोन पाने ग्रासलेली आढळल्यास उपाय योजावा. बोरीची काटेरी फांदी पिकावरून फिरविल्याने गुंडाळ्या सुटतात. ट्रायकोग्रामाची कार्डे लावावयाची तर पतंग दिसू लागताच लावावीत. ही सूक्ष्म गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यातच वाढते. पाने गुंडाळल्यानंतर तिचा उपयोग नाही, आणि कार्डे लावून लगेच कीटकनाशक फवारल्यास प्रथम तीच मरते.