ताठर स्नायू आणि औषधे

खानापूर तालुक्यात फणसाच्या झाडावरून पडून माझ्या मामांच्या मज्जारज्जूला दुखापत झाली. काही आठवड्यांनी त्यांचे बळ गेलेले पाय आपोआप आखडू लागले. शक्ती परत येत आहे असे वाटून आम्ही हरखलो. पण तो रोगाचाच पुढचा भाग होता. शेजारच्या खाटेवरचे कानडी आजोबा त्याला ‘बिगी’ म्हणत. डॉक्टर ‘स्पॅस्टिसिटी’ म्हणाले.

स्नायू ताणला गेला की मज्जारज्जूतून प्रतिक्षिप्त आज्ञा सुटते व तो आकुंचन पावतो. या क्रियेला मेंदूचा लगाम असतो. मेंदूकडून येणारे तंतू तुटले की तो लगाम सुटतो. म्हणूनच असा पाय जितक्या झटक्याने ताणावा तितका अधिक विरोध करतो.

औषधे हा लगाम निरनिराळ्या ठिकाणी खेचतात. बॅक्लोफेन १९६२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत अपस्मारासाठी तयार झाले. तेथे ते फारसे उपयोगी पडले नाही, पण ताठरपणा उतरतो असे आढळले. संदेश दडपणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाची ते मज्जारज्जूत नक्कल करते. डायझेपाम गाबाचाच परिणाम वाढविते. परंतु झोप आणते आणि त्याची सवय लागते. टिझानिडीन उत्तेजक रसायनांचा स्राव घटविते. त्याने तोंड कोरडे पडते, रक्तदाब उतरतो. डँट्रोलीन प्रत्यक्ष स्नायूत कॅल्शियम मोकळे होऊ देत नाही. ते घेताना यकृताची तपासणी करावी लागते. मोजकेच स्नायू ताठर असतील तर त्यांत बोट्युलिनम विष अत्यल्प प्रमाणात टोचतात. त्याचा परिणाम सुमारे तीन महिने टिकतो.

मामांना बॅक्लोफेन पाच मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असे सुरू करून हळूहळू वाढविले. ते दिवसा पेंगू लागले. “अरे, तू शिकलेला. या गोळ्यांनीच हे झोपतात ना?” मामींनी मला विचारले. विज्ञानाचा विद्यार्थी या ऐटीत मी म्हणालो, “मग बंद करून बघूया.” तिसऱ्या दिवशी मामांना ताप भरला, ते असंबद्ध बोलू लागले आणि पाय पूर्वीपेक्षाही आखडले. इस्पितळात औषध पुन्हा सुरू केल्यावर ते सावरले. दीर्घकाळ दडपलेली मज्जासंस्था औषध एकाएकी सुटताच उसळते, प्रसंगी झटकेही येतात. म्हणून हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरीपायरीनेच कमी करावे लागते, हे मला त्या दिवशी कळले.

दुसरी गोष्ट मामांनीच शिकविली. मात्रा जास्त झाली की आधार धरून उभे राहताना त्यांचे गुडघे लचकत. थोडा ताठरपणा त्यांना उभे राहायला उपयोगी पडत होता! तेव्हा सगळा ताठरपणा घालविणे हा उपचाराचा हेतू नव्हे. शिवाय तो अचानक वाढला तर मात्रा वाढविण्यापूर्वी लघवीतील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाठीवरील जखमा पाहाव्यात. कारण बहुधा तेथेच सापडते.

तुटलेले तंतू कोणतीही गोळी सांधत नाही. रोजचा व्यायाम चुकवून चालत नाही. आता मामी गोळ्या संपण्याच्या आठ दिवस आधीच मला आठवण करतात आणि मी निमूटपणे औषधाच्या दुकानी जातो.